दोषदर्शन आणि वाणीचे तप
(गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १९ यांच्या आधारे)

दुसऱ्याचा दोष त्याला सांगावा की न सांगावा, आणि सांगावयाचा तर कोणत्या शब्दांत सांगावा, हा प्रश्न प्रत्येक घरात, शाळेत आणि कचेरीत नित्य उभा राहतो. मुलाचा निबंध वडिलांपुढे येतो, शिष्याचे गायन गुरूपुढे होते, कारकुनाने केलेला मसुदा वरिष्ठाच्या टेबलावर येतो, मित्राने आरंभिलेला व्यवसाय बुडीत जाणार हे मित्राला दिसत असते. अशा प्रसंगी लोकांत सामान्यतः दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, 'खरे ते बोलावे. कोणास लागले तर त्याला इलाज नाही.' दुसरा म्हणतो, 'कशाला कोणाचे मन दुखवावे? चार गोड शब्द बोलावे आणि मोकळे व्हावे.' पहिल्याला लोक स्पष्टवक्ता म्हणतात, दुसऱ्याला सुस्वभावी म्हणतात. पहिला सत्य राखतो, पण पुष्कळदा माणूस गमावतो. दुसरा माणूस राखल्यासारखे करतो, पण खड्डा दिसत असूनही त्याला त्याच वाटेने जाऊ देतो.

सत्य आणि सौजन्य यांपैकी एकाचीच निवड करता येते, असा या दोन्ही पक्षांचा समज असतो. गीतेच्या सतराव्या अध्यायाचे मनन केले असता हा समज टिकत नाही.

श्लोकांचे स्थान

सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे शरीर, वाणी आणि मन यांच्या अनुरोधाने तीन भाग केले आहेत. चौदाव्या श्लोकात शारीर तप, पंधराव्यात वाङ्मय तप आणि सोळाव्यात मानस तप सांगितले आहे. तप हा शब्द ऐकताच उपवास, अरण्यवास, पंचाग्निसाधन यांसारखी कठोर व्रते डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र नित्याच्या बोलण्यालाच तपाची पदवी दिलेली आहे. ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याला उद्वेग होत नाही, जे सत्य असते, जे प्रिय असते आणि जे हितकर असते, ते बोलणे व त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास, हे वाणीचे तप होय.

तप या शब्दातच ताप सोसण्याचा अर्थ आहे. मग वाणीच्या तपात हा ताप कोणी सोसावयाचा? तप जो आचरतो, त्याने, म्हणजे बोलणाऱ्याने. या एका गोष्टीकडे लक्ष दिले की वरील दोन्ही पक्षांचे वैगुण्य उघड होते. स्पष्टवक्ता म्हणविणारा मनुष्य स्वतः काहीच सोसत नाही. जिभेवर आले ते तो बोलून टाकतो आणि सगळा ताप ऐकणाऱ्याच्या माथी मारतो. गोड बोलून सुटका करून घेणारा मनुष्यही काही सोसत नाही. अप्रिय प्रसंगाचा ताप आपल्याला होऊ नये म्हणूनच तो गोड बोलतो. बाहेरून ही दोन टोके दिसतात, परंतु दोघांनीही स्वतःची सोय पाहिलेली असते. योग्य वेळेची वाट पाहणे, शब्द निवडणे, स्वतःच्या मनातील राग निवळू देणे आणि इतके करूनही सत्य न सोडणे, हे श्रम दोघांपैकी कोणीच केलेले नसतात.

श्रीशंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला आहे. ही चारही लक्षणे एकत्र असली पाहिजेत, असे ते सांगतात. वाक्य सत्य आहे, पण इतर लक्षणांपैकी एक, दोन किंवा तिन्ही त्यात नाहीत, तर ते वाङ्मय तप नव्हे. त्याचप्रमाणे वाक्य प्रिय आहे, पण इतर लक्षणांनी हीन आहे, तर तेही तप नव्हे. 'मी खरे तेच बोललो' एवढे म्हणून कोणाची सुटका होत नाही, आणि 'मी गोड बोललो' एवढे म्हणूनही होत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही अप्रिय सत्य आणि प्रिय असत्य या दोहोंचा निषेध केलेला आहे. त्यातील पहिला निषेध लोकांच्या सोयीचा असल्याने ध्यानात राहतो. दुसरा बहुधा विस्मरणात जातो.

दुःख आणि उद्वेग

येथे एक शंका येते. दोष ऐकून दुःख होणारच. मग दोष सांगणारे वाक्य अनुद्वेगकर कसे होऊ शकेल? शंका रास्त आहे. तिचे उत्तर दुःख आणि उद्वेग यांतील भेदात आहे. उद्वेग शब्दाच्या मुळाशी थरथरणे, कंप पावणे असा अर्थ असलेला धातू आहे. ज्या बोलण्याने माणसाचे मन डळमळते, स्वतःवरचा विश्वास उडतो, पुढे काय करावे हेच सुचेनासे होते, ते उद्वेगकर होय. वैद्याने गळू फोडले तर वेदना होते, पण रोगी त्याला शत्रू मानीत नाही. कारण ती वेदना आरोग्यासाठी आहे हे तो जाणतो. हितासाठी दिलेले दुःख आणि खच्चीकरण यांत इतके अंतर आहे.

एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधाचे उदाहरण घ्यावे. एका शिक्षकाने त्यावर 'छान' असा शेरा मारून वही परत केली. दुसऱ्याने 'तुला लिहिणे जमणार नाही' असे लिहिले. तिसऱ्याने लिहिले, 'विषयाची मांडणी नीट झाली आहे. दुसऱ्या परिच्छेदातील विधानाला आधार दिलेला नाही, आणि शेवट घाईने केला आहे. हे दोन भाग पुन्हा लिहून आण.' पहिला शेरा प्रिय आहे, पण त्यात हित नाही. दुसऱ्यात हितही नाही आणि सत्यही नाही, कारण आजच्या एका निबंधावरून उद्याची शक्यता कोणालाच सांगता येत नाही. तिसरा शेरा वाचून विद्यार्थ्याला क्षणभर वाईट वाटेल, पण उद्या सकाळी काय करावयाचे हे त्याला कळलेले असेल. दोष सांगितल्यावर पुढची वाट दिसू लागली, तर ते बोलणे अनुद्वेगकर झाले असे समजावे.

अठराव्या अध्यायात सुखाचे प्रकार सांगताना भगवंत म्हणतात की सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते. राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते. प्रशंसा आणि दोषदर्शन यांना ही कसोटी तंतोतंत लागू पडते. 'छान' या शेऱ्यातील अमृत परीक्षेच्या दिवशी विष होते. प्रिय या शब्दाचा अर्थ केवळ तत्काळ गोड लागणारे, असा घेऊ नये. आचार्यांनी प्रिय आणि हित यांचा संबंध अनुक्रमे दृष्ट आणि अदृष्ट फलाशी जोडला आहे. आजचा गोडवा आणि पुढचे कल्याण या दोहोंकडे एकाच वेळी दृष्टी असणे, हे या तपाचे स्वरूप आहे.

दोन सारथी

या तत्त्वाचे स्पष्टीकरण महाभारतातील दोन रथांवर पाहावयास मिळते. अर्जुनाच्या रथावर श्रीकृष्ण सारथी आहेत. कर्णाच्या रथावर सतराव्या दिवशी मद्रराज शल्य सारथी आहे. दोघेही आपापल्या योद्ध्याला कठोर शब्द बोलतात. तरीही एका रथावरील योद्धा उभा राहतो आणि दुसऱ्या रथावरील योद्ध्याचे तेज क्षीण होते.

शल्य हा माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा मामा. पांडवांकडे येत असता वाटेत दुर्योधनाने केलेल्या सत्काराने तो बांधला गेला आणि कौरवपक्षाला मिळाला. तेव्हा युधिष्ठिराने त्याच्याकडे एक मागणे मागितले: कर्णाचे सारथ्य करण्याचा प्रसंग येईल त्या वेळी त्याचे तेज खच्ची करावे. शल्याने ते मान्य केले. महाभारताने युधिष्ठिराच्या या मागणीवर पांघरूण घातलेले नाही. पुढे कर्णपर्वात सारथ्य पत्करताना शल्याने एक अट घातली की, कर्णाजवळ आपण आपल्याला वाटेल ते बोलू. ती अट मान्य झाली. मग त्याने अर्जुनाच्या पराक्रमाची वर्णने केली, उष्ट्यावर वाढून गर्विष्ठ झालेल्या कावळ्याची आणि हंसाची कथा सांगून कर्णाला त्या कावळ्याच्या पंक्तीस बसविले. शल्याच्या बोलण्यात असत्य किती होते? अर्जुनाचा पराक्रम खराच होता. कर्णाच्या ठिकाणी आत्मश्लाघा होती, हेही खरे होते. पण हे सत्य कर्णाच्या हितासाठी उच्चारलेले नव्हते. परिणामी कर्णाने शल्याची आणि मद्रदेशाची निंदा केली आणि रथावरच कलह माजला.

आता दुसरा रथ पाहावा. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला जे बोलतात ते मृदू नाही. त्याच्या अवस्थेला ते आर्यांना न शोभणारी, अपकीर्ती करणारी म्हणतात. क्लैब्य हा वीराला झोंबणारा शब्दही वापरतात. परंतु त्या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. 'तू दुर्बल आहेस' असे ते म्हणत नाहीत. 'हे तुला शोभत नाही' असे म्हणतात. क्षुद्र म्हटले आहे ते हृदयाच्या दुर्बलतेला. अर्जुनाला मात्र त्याच वाक्यात पार्थ आणि परंतप अशी संबोधने आहेत. घाव दोषावर आहे, माणसावर नाही. माणसाची खरी थोरवी गृहीत धरूनच दोष सांगितलेला असल्याने त्या घावाने अर्जुन खचत नाही, तर स्वतःच्या थोरवीकडे वळून पाहतो.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एवढ्या निर्भर्त्सनेने अर्जुन उठला नाही. त्याने आपली अडचण मांडली, आपण शिष्य आहोत असे सांगितले आणि तो स्तब्ध झाला. तेव्हा श्रीकृष्ण तोच कठोर शब्द अधिक मोठ्याने उच्चारीत नाहीत. ते जणू हसत बोलू लागले, असे दहाव्या श्लोकात म्हटले आहे. निर्भर्त्सनेला दोन श्लोक पुरले. समजावून सांगण्याला पुढचे अध्यायांमागून अध्याय लागले. दोष दाखविणे दोन वाक्यांत उरकते. दोष जावा म्हणून जवळ बसून राहणे, हे दीर्घकाळचे काम आहे. ज्याची ते काम करण्याची तयारी नाही, त्याने पहिली दोन वाक्येही जपून बोलावी.

शेवटी, सर्व सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. शल्याने वाटेल ते बोलण्याची मोकळीक स्वतःसाठी मागून घेतली होती. श्रीकृष्णांनी वाटेल ते करण्याची मोकळीक ऐकणाऱ्याला दिली. दोषदर्शन तप आहे की शस्त्र आहे, हे ओळखावयाचे झाल्यास बोलण्यातील मोकळीक कोणाच्या वाट्याला आली, एवढे पाहिले तरी पुरे होते.

सात्त्विक, राजस आणि तामस दोषदर्शन

तपाची तीन स्थाने सांगून भगवंत थांबत नाहीत. सतरा ते एकोणीस या श्लोकांत तपाचे गुणांनुसार तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची आकांक्षा न धरता श्रद्धेने केलेले तप सात्त्विक. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस. मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस. वाणीच्या तपाला हे तीनही प्रकार लावून पाहणे उद्बोधक आहे.

दुसऱ्याला खाली पाडण्यासाठी बोललेले सत्य तामस होय. शल्याचे बोलणे या कोटीतील आहे. 'मी कोणाची भीड ठेवीत नाही' अशी ख्याती व्हावी म्हणून चारचौघांत बोललेले सत्य राजस होय. त्याचे एक लक्षण असे की, ऐकणारे लोक नसले तर ते बोलणे बहुधा होत नाही. आपले म्हणणे मान्य होवो वा न होवो, समोरच्याचे कल्याण व्हावे एवढ्याच हेतूने बोललेले सत्य सात्त्विक होय.

महाभारतात अशा सात्त्विक वक्त्याचे उदाहरण विदुर हे आहे. सदैव गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, पण अप्रिय असूनही हितकर असे बोलणारा आणि ते ऐकणारा, हे दोघेही दुर्मिळ आहेत, अशा अर्थाचे वचन उद्योगपर्वात त्याच्या मुखी आहे. त्याने धृतराष्ट्राला पुत्रमोहाचे परिणाम वारंवार सांगितले. वनपर्वाच्या आरंभी धृतराष्ट्राने रागावून त्याला वाटेल तेथे जाण्यास सांगितले. विदुर काम्यक वनात पांडवांकडे गेला. पुढे धृतराष्ट्राला पश्चात्ताप झाला आणि त्याने संजयाला पाठवून विदुराला परत बोलाविले. विदुर राग मनात न धरता परत आला. झोप न येणाऱ्या रात्री राजाने ज्याला बोलावून घेतले, तो हाच विदुर. त्याचा उपदेश फळाला आला नाही, हे सर्वश्रुत आहे. पण फळ आले नाही म्हणून त्याचे बोलणे कडवट झाले नाही, आणि राजाची मर्जी राहावी म्हणून ते मिळमिळीतही झाले नाही.

मौन आणि कठोर वचन

या ठिकाणी मौनाचाही विचार करणे अगत्याचे आहे. मौन ही खरे तर वाणीशी निगडित गोष्ट. पण गीतेने तिचा समावेश पंधराव्या श्लोकातील वाणीच्या तपात न करता सोळाव्या श्लोकातील मनाच्या तपात केला आहे. मनाची प्रसन्नता, सौम्यता, आत्मनिग्रह आणि भावशुद्धी यांच्या सान्निध्यात मौन आले आहे. तात्पर्य, तोंड मिटले म्हणजे तप झाले असे नाही. मन निवळलेले असले पाहिजे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून निर्णय देण्याचे टाळले आणि इतर वृद्ध गप्प राहिले. त्या मौनाला कोणी तप म्हणत नाही. विदुराने अन्यायाविरुद्ध वाणी उच्चारली, आणि धृतराष्ट्राच्याच पुत्रांपैकी विकर्ण याने द्रौपदीच्या बाजूने मत दिले. सभेची मर्यादा पाळण्यासाठी म्हणून धरलेले मौन अन्यायाला साहाय्यक होऊ शकते, हे त्या प्रसंगाने कायमचे शिकविले आहे.

उलट, कठोर वचनाचे गांभीर्य त्याच कर्णपर्वातील दुसऱ्या एका प्रसंगात दिसते. कर्णाच्या बाणांनी जखमी आणि अपमानित झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला होता. त्याची विचारपूस करण्यासाठी आलेल्या अर्जुनाची त्याने निर्भर्त्सना केली आणि गांडीव दुसऱ्या कोणास देऊन टाक असे म्हटले. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती. त्याने खड्ग उचलले. श्रीकृष्णांनी त्याला आवरले. सत्याच्या आग्रहाने लुटारूंना पळून गेलेल्या लोकांची वाट दाखविणारा आणि त्यामुळे अधोगतीला गेलेला कौशिक, ही कथा त्यांनी याच वेळी सांगितली. वडीलधाऱ्या माणसाला एकेरीने बोलून त्याचा अवमान करणे हा त्याचा वधच होय, असे सांगून त्यांनी प्रतिज्ञेतून वाटही काढून दिली. एका अवमानकारक वाक्याला वधाची तुलना देणाऱ्या ग्रंथाच्या पोटी गीता आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे वाणीला तप का म्हटले ते कळते. युधिष्ठिर एरवी सौम्य पुरुष. पण स्वतःच्या जखमा ताज्या असताना त्याने भावाचे मूल्यमापन केले. मनाचे तप न साधता केलेले दोषदर्शन कोठवर जाते, याचे हे उदाहरण होय.

शिष्याने गुरूला कसे सांगावे

वडिलांनी लहानांना सांगावे याची चर्चा पुष्कळ होते. लहानाने वडिलांना, शिष्याने गुरूला कसे सांगावे, याचाही पाठ गीतेत आहे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन भगवंतांच्या उपदेशाविषयी तक्रार करतो. बुद्धी कर्माहून श्रेष्ठ असेल तर घोर कर्माकडे का ढकलता, असे तो उघड विचारतो. नंतर तो म्हणतो की, जणू मिश्र वाक्याने आपण माझ्या बुद्धीला जणू मोह पाडीत आहात. मूळ श्लोकार्धात 'इव' हा शब्द दोनदा आला आहे. 'आपले बोलणे गोंधळाचे आहे' असा आरोप तो करीत नाही. 'मला तसे भासते' असे म्हणतो. सत्य लपविलेले नाही, कारण त्याचा गोंधळ खराच झाला आहे. पण दोष गुरूच्या वाक्यात आहे की आपल्या बुद्धीत, हा निर्णय त्याने मोकळा ठेवला आहे. शिवाय तक्रार करून तो थांबत नाही. ज्याने श्रेय मिळेल असे एक निश्चित करून सांगा, अशी नेमकी विनंती करतो. भगवंतही न रागावता विषय पुन्हा आरंभापासून उलगडून सांगतात. ज्या शिष्याला शंका बोलून दाखविता येते आणि ज्या गुरूला ती ऐकता येते, त्यांच्यामुळेच तिसरा अध्याय अस्तित्वात आला.

अर्वाचीन काळातील एक उदाहरण

हा आदर्श पुराणकाळापुरताच आहे असे कोणी मानू नये. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन आहे, असे उद्गार महात्मा गांधींनी काढल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. रवींद्रनाथ ठाकुरांना हा विचार विवेकाला सोडून वाटला. नैसर्गिक घटनांची कारणे भौतिक असतात. त्यांचा संबंध माणसांच्या पापपुण्याशी जोडणे घातक आहे, असे त्यांचे स्पष्ट मत होते. गांधीजींवरील प्रेमामुळे त्यांनी ते गिळून टाकले नाही. पण त्यांनी ते तत्काळ छापूनही टाकले नाही. आपले निवेदन त्यांनी प्रथम गांधीजींकडेच पाठविले. हे उद्गार खरोखर त्यांचे असतील तर निवेदन प्रसिद्धीस द्यावे, असे कळविले. निवेदनात अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याशी असलेले मतैक्य त्यांनी सांगितले, आणि देशबांधवांच्या मनातील भय घालविणाऱ्या गांधीजींविषयीची कृतज्ञताही व्यक्त केली. मात्र मतभेदाची धार कमी केली नाही.

गांधीजींनी ते निवेदन १६ फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये छापले आणि त्याबरोबर आपले उत्तरही दिले. त्यांनी मत बदलले नाही. भूकंप भूगर्भातील हालचालींनी होतात हे ज्ञान सर्वमान्य असल्याने त्या वादात रवींद्रनाथांचा पक्ष बळकट होता, असेच आजचा वाचक म्हणेल. तरीही दोघांचा स्नेह तुटला नाही. १९३६ साली विश्वभारतीच्या आर्थिक विवंचनेत साठ हजार रुपयांची सोय गांधीजींनी करून दिली. १९४० च्या फेब्रुवारीत ते शांतिनिकेतनात गेले असता रवींद्रनाथांनी आपल्या पश्चात त्या संस्थेचा सांभाळ करण्याविषयी त्यांनाच विनविले. तथ्याची खातरजमा, संबंधित व्यक्तीलाच प्रथम सांगणे, मतैक्य मान्य करणे, मतभेद पातळ न करणे आणि उत्तर काहीही आले तरी स्नेह टिकविणे, या पाच गोष्टी या प्रसंगातून उचलण्यासारख्या आहेत.

आचरणाचा क्रम

साधकाने दोष सांगण्यापूर्वी प्रथम स्वतःचे मन तपासावे. मनात राग, मत्सर किंवा मोठेपणाची हौस असेल तर ते निवळेपर्यंत थांबावे. मात्र थांबणे आणि टाळणे यांत गल्लत करू नये. दुसरे, ऐकण्याची इच्छा आहे की नाही ते पाहावे. ज्याला ऐकावयाचे नाही त्याला हे सांगू नये, अशी मर्यादा भगवंतांनी अठराव्या अध्यायात स्वतःच्या उपदेशालाही घातली आहे. संकट समोर उभे असेल आणि नाते जवळचे असेल, तर न विचारताही बोलावे; अर्जुनाने शिष्यत्व पत्करण्यापूर्वीच श्रीकृष्णांनी त्याला पहिला शब्द सुनावला होता. तिसरे, ज्याचा दोष त्यालाच सांगावा. दैवी संपत्तीत अपैशुन हा गुण आहे. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यापाशी उघडे करणे ते पैशुन, असा त्याचा अर्थ आचार्यांनी केला आहे. समोर गोड बोलून पाठीमागे खरे बोलणारा मनुष्य सत्यवादीही नव्हे आणि सुजनही नव्हे. चौथे, दोष नेमका सांगावा आणि सुधारण्याची वाट दाखवावी. पाचवे, निर्णय त्याच्यावर सोपवावा.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत या श्लोकावर विवरण करताना परिसाचा दृष्टांत दिला आहे. परीस लोखंडाचे सोने करतो, पण त्याचे वजन रतीभरही कमी करीत नाही. दोषदर्शनाचा याहून योग्य दृष्टांत सापडणे कठीण. माणूस बदलावा, पण बदलताना त्याचा तुकडा तोडला जाऊ नये.

ऐकणाऱ्याचेही तप आहे. बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना, ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, असे दोन्ही बाजूंनी म्हटले आहे. दोष ऐकताना बोलणाऱ्याचा स्वर वाईट होता म्हणून त्यातील सत्य टाकून देऊ नये, आणि स्वर गोड होता म्हणून त्यातील असत्य स्वीकारू नये. ज्या घरात दोष ऐकून घेणारा एक तरी मनुष्य असतो, त्या घरात खरे बोलण्याची इतरांचीही छाती होते.

मननासाठी प्रश्न

१. तपाचा ताप बोलणाऱ्याने सोसावयाचा आहे, हे लक्षात घेता गेल्या आठ दिवसांत कोणाला दोष सांगताना तो ताप स्वतः सोसला आणि कोठे दुसऱ्यावर ढकलला?

२. दोष सांगताना 'हे तुला शोभत नाही' आणि 'तू असाच आहेस' या दोन वाक्यांच्या परिणामांत काय अंतर पडते?

३. मौनाचा समावेश गीतेने वाणीच्या तपात न करता मनाच्या तपात का केला असावा?

४. ज्याचे बोलणे ऐकून राग आला, पण जे खरे होते, असे एखादे वाक्य आठवून पाहावे. ते सांगणाऱ्याचे आभार मानावयाचे राहून गेले आहेत काय?